कर्जाची मुदत आणि कौशल्याचे आयुष्य

जून महिन्यात प्रवेशाची गर्दी सुरू झाली की आमच्या क्लासमध्ये मला चौकशीच्या टेबलावर बसवतात. पांढरे केस पाहून पालकांना धीर येतो, असा संचालकांचा हिशेब. २०२५ च्या जूनमध्ये बार्शीकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा बारावी झालेला. दोन वर्षांचा ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सचा अभ्यासक्रम, फी अडीच लाख, शिवाय पुण्यात राहण्याचा खर्च वेगळा. माहितीपुस्तिका बाजूला सारून वडील म्हणाले, “मॅडम, तुम्ही बँकेत साहेब होता म्हणं. मग बँकेतल्यासारखंच सांगा. तुम्ही याला कर्ज दिलं असतं का?”

बावीस वर्षे मी कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवते आहे. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि, खरे सांगायचे तर, मीही स्वतःला विचारला नव्हता.

मी १९८० साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागले. १९८३ मध्ये बँका आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. तेव्हा संगणकाच्या विरोधात शाखेच्या दारात घोषणा देणाऱ्यांत मीही होते. आवाज चांगला होता माझा. पुढे अधिकारी झाले, आणि २००१ च्या सुमारास बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली, तेव्हा देशभरातून जे सुमारे लाखभर लोक बाहेर पडले त्यांत त्रेचाळिसाव्या वर्षी मीही होते. माझ्या दुसऱ्या कादंबरीचे मुखपृष्ठ ज्या मुलाने संगणकावर केले होते, त्याच्याकडेच शिकायला गेले. तो बावीस वर्षांचा, मला काकू म्हणे. ‘माउस वर न्या’ म्हटले की मी तो टेबलावरून उचलत असे. दोन वर्षांनी मी दुसऱ्यांना शिकवू लागले.

काय शिकवले? पेजमेकर शिकवले, त्याची शेवटची आवृत्ती २००१ मधली, म्हणजे मी शिकवायला लागले तेव्हाच ते उताराला लागले होते. मग फ्लॅश शिकवले, चांगली दहा वर्षे. ते २०२० च्या ३१ डिसेंबरला कायमचे बंद झाले. फोटोशॉपमध्ये माणसाच्या केसांभोवतीची पार्श्वभूमी सफाईने कशी कापायची, यावर मी तीन आठवडे घालवत असे. २०२३ मध्ये त्याच फोटोशॉपमध्ये अशी सोय आली, की दोन शब्द लिहिले आणि पार्श्वभूमी बदलली. त्या वर्गातल्या मुलांची फी तर आधीच भरून झाली होती.

बँकेत यंत्रासाठी कर्ज देताना एक साधा नियम होता. कर्जाची मुदत यंत्राच्या आयुष्यापेक्षा जास्त ठेवायची नाही. यंत्र भंगारात गेल्यावर हप्ता फेडायचा कशातून? शैक्षणिक कर्जाची परतफेड पंधरा वर्षांपर्यंत चालू शकते. आमच्या पुस्तिकेत मात्र सोळा सॉफ्टवेअरची नावे छापली आहेत, आणि त्यांतले एकही पंधरा वर्षे आजच्या रूपात टिकेल असे मी लिहून देणार नाही. त्यातून खासगी क्लासच्या पदविकेला बँकेचे शैक्षणिक कर्ज सहसा मिळतच नाही. मग पतसंस्था गाठायची, नाहीतर घरातले सोने तारण ठेवायचे. समोरच्या गृहस्थांचा विचार सोन्याचाच होता.

हल्ली सगळे खापर कृत्रिम बुद्धिमत्तेवर फोडायची पद्धत पडली आहे. ते पुरते खरे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही जुनी फ्रेंच कंपनी कोसळली आणि तिच्या बंगळूर व मुंबईच्या स्टुडिओंतले हजारो कलाकार रस्त्यावर आले. तिला बुडवले ते मुख्यतः कर्जाने, आणि २०२३ च्या हॉलिवूडमधल्या लेखकांच्या संपानंतर आटलेल्या कामाने. त्याआधी २०१३ मध्ये ‘लाइफ ऑफ पाय’च्या दृश्यकरामतीला ऑस्कर मिळाले, तेव्हा ते काम करणारी ऱ्हिदम अँड ह्यूज कंपनी दिवाळखोरीच्या अर्जावर उभी होती. मुंबई-हैदराबादलाही तिचे स्टुडिओ होते. काम ठरावीक रकमेला घ्यायचे, दिग्दर्शकाने दहादा बदल सांगितले तरी पदरमोड करून करायचे. ताळेबंद वाचता येणाऱ्या कोणालाही हा धंदा ठिसूळ आहे हे दिसले असते. यंत्र आले ते अशा घरात, ज्याच्या भिंती आधीच ओल्या होत्या.

मग टिकते काय? मला र. कृ. जोशी आठवतात. जाहिरात क्षेत्रात कलादिग्दर्शक, मग १९८३ पासून मुंबईच्या आयआयटीत अध्यापक. पण मूळचे बोरू धरणारे सुलेखनकार. तिथून निवृत्त झाल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर, ते संगणकावरच्या भारतीय अक्षरांच्या कामात पूर्णपणे शिरले. विंडोजवर आपण वर्षानुवर्षे मराठी वाचतो तो ‘मंगल’ टंक त्यांचा. ज्या सॉफ्टवेअरवर तो घडला ते आज कोणाला आठवतही नसेल.

मी मुलाला कागद आणि पेन्सिल दिली. म्हटले, “बाबांची टोपी काढ.” त्याने वीस मिनिटे घेतली, तीनदा खोडले. टोपी काही फार बरी जमली नव्हती. पण तिची सावली कपाळावर कुठे संपते ते त्याने बरोबर पकडले होते. मग वडिलांना सांगितले, “या सोळा नावांसाठी मी कर्ज दिलं नसतं. याच्या हातासाठी थोडं दिलं असतं. सोनं घरीच राहू द्या. ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. सहा महिने रोज चित्रं काढू दे आणि त्यावर धडपडू दे. मग या.”

संध्याकाळी संचालकांनी बोलावले. “मॅडम, आपलं मानधनही या फीतूनच निघतं.” खरेच आहे ते.

त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲनिमेशन-गेमिंगचे नवे धोरण मंजूर केले. दोन लाख रोजगारांची अपेक्षा सांगितली गेली. होवोत. पण बँकेला थकीत कर्जाचा आकडा दर वर्षी छापावा लागतो, तसे मागच्या तीन वर्षांतली किती मुले कुठे, किती पगारावर लागली, हे आमच्यासारख्या क्लासना तपासून घेऊन छापायला लावले, तर निम्म्या पुस्तिका छापल्याच जाणार नाहीत. आमचीही कदाचित.

दिवाळीनंतर त्या मुलाचा फोन आला. बैलगाडीचे चाक केले होते, पण ते फिरताना उलटे फिरल्यासारखे दिसत होते. मी त्याला आरे मोजायला लावले. मग वडिलांनी फोन घेतला आणि विचारले, फी आता भरायची का. मी म्हटले, भरा, पण एकाच वर्षाची. आमच्याकडे एका वर्षाची फी घेण्याची सोय नाही. संचालकांशी माझे त्याबद्दल बोलणे अजून चालू आहे.