ढालीचे काय झाले?

वाङ्मयप्रेमी मंडळींच्या बैठकीत अलीकडे व्हिडिओ गेमचा विषय निघतच नाही असे नाही. पण तो निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : त्याची कथा कशी आहे? मग पात्रे, संवाद, जमल्यास थोडे मिथक, थोडी विचारसरणी. खेळणाऱ्याच्या बोटांखाली तासन्‌तास जे चालू असते त्याकडे कोणी वळतच नाही. ओवीचे कथानक सांगून झाले की ओवी वाचून झाली असे मानण्यासारखाच हा प्रकार आहे. खेळाचा छंद त्याच्या नियमांत असतो आणि नियम काही म्हणत असतात, असे माझे मत आहे. ते मांडण्यासाठी मी एक अगदी लहान, तांत्रिक वाटणारा प्रश्न घेतो. समोरून वार येत असताना खेळाडूने स्वतःला वाचवले, तर त्या वाचवण्याचे पुढे काय व्हावे?

जुने उत्तर सरळ होते. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये बचाव करायचा तर काठी मागे ओढून धरायची. मागे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यापासून दूर. हल्ला ही एक क्रिया आणि बचाव ही दुसरी. एकीतून दुसरीत जायचे तर आधी पहिली सोडावी लागे. बचाव फुकट मिळू नये म्हणून रचनाकारांनी एक बारीक कर बसवला होता. साधा ठोसा अडवला तर काही जात नसे, पण खास डाव अडवला तरी हेल्थ बारचा एखादा कपचा उडायचाच. मागे सरणाऱ्याला खेळ वाचवत असे, आणि हळूहळू कुरतडतही असे.

याच मालिकेच्या तिसऱ्या पर्वात, १९९७ साली, ‘पॅरी’ आली. वार लागण्याच्या नेमक्या क्षणी काठी मागे ओढायची नाही, पुढे ढकलायची. क्षण साधला तर काहीच इजा नाही, शिवाय उलट वाराला वाव. चुकला तर आपण वाराच्या तोंडात स्वतःहून चालत गेलो असा त्याचा अर्थ. तांत्रिकदृष्ट्या हा एका दिशेचा बदल आहे. पण ‘मागे’ आणि ‘पुढे’ हे भीती आणि धैर्य यांचे सर्व भाषांतले सर्वांत जुने रूपक आहे, आणि इथे ते कोणी उच्चारत नाही. अंगठा ते करून दाखवतो.

हे किती नाट्यमय होऊ शकते ते २००४ साली कॅलिफोर्नियात, ‘इव्हो’ या स्पर्धेत जगाने पाहिले. खेळ होता ‘स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक’. जपानचा दायगो उमेहारा केन या पात्राला खेळवत होता, अमेरिकेचा जस्टिन वाँग चुन-लीला. उमेहाराच्या हेल्थ बारमध्ये जेमतेम एक रेघ उरली होती. वाँगने चुन-लीचा लाथांची सरबत्ती करणारा महाडाव सोडला. आता पंचाईत अशी की नेहमीचा बचाव केला तरी तो कपच्यांचा कर भरावा लागणार, आणि भरायला खिशात काहीच नाही. म्हणजे मागे सरणे हेही मरणेच. उमेहाराने एकामागून एक पंधरा लाथा पॅरी केल्या, शेवटची तर हवेत उडी घेऊन, आणि खाली येताच प्रतिहल्ल्यात डाव संपवला. त्या ध्वनिचित्रफितीत प्रेक्षकांचा आवाज ऐकण्यासारखा आहे. लाथा अजून चालू असतानाच तो चढू लागतो. लोक अजून न मिळालेल्या विजयाला ओरडत आहेत, बचावाला ओरडत आहेत. (उमेहाराला त्या स्पर्धेचे विजेतेपद मात्र मिळाले नाही. हे कोणाच्या फारसे लक्षात नाही, ते साहजिकच.)

आपल्या तालमीत डावाला ‘तोड’ असते. चांगला वस्ताद डाव शिकवतो तेव्हा त्याची तोडही शिकवतो, आणि तोड बहुधा नुसती सुटका नसते, ती स्वतःच पुढच्या डावाची सुरुवात असते. कबड्डीतही चढाई करणाऱ्याची पकड झाली की बचाव करणाऱ्या संघाला गुण मिळतो. तेव्हा बचावातून आक्रमण निघावे ही कल्पना संगणकाच्या पडद्यावर जन्मली असे कोणी समजू नये. मर्दानी खेळातले माडू हे शस्त्र ज्यांनी पाहिले आहे, काळविटाची दोन शिंगे उलट दिशांना जोडून केलेले, त्यांना अडवणे आणि भोसकणे यांतली सीमारेषा किती पुसट असू शकते हे सांगायला नको.

व्हिडिओ गेममध्ये ही सीमारेषा जाणीवपूर्वक, टप्प्याटप्प्याने पुसण्याचे काम फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी संस्थेने केले. हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखालील ‘डार्क सोल्स’मध्ये (२०११) ढाल होती, आणि कशी! अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना आपण ती पुढे धरून एकेक पाऊल टाकत असू. मात्र वार करणे, लोळण घेऊन चुकवणे आणि ढालीवर घाव झेलणे, या तिन्हींचा खर्च दमाच्या एकाच थैलीतून होई, आणि ढाल उचलून धरलेली असताना ती थैली सावकाश भरे. भित्र्या माणसाला खेळ हाकलून देत नव्हता; त्याच्याकडून भाडे घेत होता. पुढे ‘ब्लडबोर्न’मध्ये (२०१५) ढाल काढूनच घेतली. एक लाकडी फळकुट सापडते, पण ते थट्टेपुरतेच. डाव्या हातात ढालीच्या जागी बंदूक आली, तीही शत्रूचा वार ऐन भरात असताना त्याला थांबवण्यासाठी. शिवाय एक विलक्षण नियम आला : घाव बसल्यावर क्षणभराच्या आत उलट वार केलात तर गमावलेले रक्त थोडेफार परत मिळते. जखम झाल्यावर मागे सरण्याची जी शरीराची स्वाभाविक ओढ, तिच्याच विरुद्ध हा नियम लिहिला आहे.

आणि मग २०१९ साली ‘सेकिरो’. माझ्या मते हा या विचाराचा परिपाक.

सेंगोकू काळाच्या अखेरचा जपान, एक हात गमावलेला शिनोबी, आणि एकच तलवार. इथे प्रत्येक लढवय्याला आयुष्याच्या रेषेखेरीज आणखी एक रेषा असते; मराठीत तिला ‘तोल’ म्हणणेच योग्य. शत्रूचा वार नेमक्या क्षणी तलवारीवर घेतला की त्याचा तोल ढळतो. क्षण चुकवून नुसती तलवार आडवी धरली तर ढळतो तो आपला. तोल पुरता गेला की एकाच घावात शेवट, मग आयुष्याची रेषा कितीही शिल्लक असो. म्हणजे अडवणे हेच मारणे झाले. पण रचनाकार इथे थांबलेले नाहीत. शत्रूचे आयुष्य भरपूर असेल तर त्याचा तोल भराभर सावरतो; तो जखमी असेल तर सावरायला वेळ लागतो. तेव्हा नुसते अडवत बसूनही भागत नाही, मधूनमधून वार करावाच लागतो. भाल्याची भोसक आली तर तिच्यापासून दूर पळण्यापेक्षा तिच्याच दिशेने पाऊल टाकून भाला पायाखाली दाबणे अधिक फलदायी. आशिनाच्या गढीच्या माथ्यावर गेनिचिरोशी झुंज होते तेव्हा खेळाडू हरतो, बहुधा अनेकदा हरतो, कारण तो अजून ‘आता त्याची पाळी, मग माझी पाळी’ अशा हिशेबात असतो. पाळी ही गोष्टच इथे नाही, हे कळायला मला तीन रात्री लागल्या.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तत्त्वे मांडली. आपण ती परीक्षेपुरती पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. गेनिचिरोच्या झुंजीत मला ती तिन्ही तत्त्वे प्रथमच हाताला लागली. दोन तलवारी एकमेकींच्या विरोधात आहेत, पण त्यांचा ठेका एकच आहे. अचूक अडवलेल्या वाराचा खणखणाट साध्या अडवण्याच्या आवाजाहून वेगळा, अधिक टोकदार. कान आधी शिकतो, बोट मागाहून. आणि या सगळ्या द्वंद्वाचा विषयच मुळी तोल हा आहे. मर्ढेकरांना हे उदाहरण रुचले असते की नाही, याची पैज मी लावणार नाही.

याच सुमारास पाश्चात्त्य खेळांतही अशीच सांगड घातली जात होती. ‘डूम’ने (२०१६) लुळ्या पडलेल्या राक्षसाला जवळ जाऊन फाडले की आरोग्य, करवत चालवली की दारूगोळा मिळेल असा नियम केला, ‘डूम इटर्नल’ने (२०२०) त्यात आग लावली की चिलखत अशी भर घातली. चतुर आहे, वेगवान आहे, मी तो आनंदाने खेळलो. पण इथे प्रतिपक्ष म्हणजे चालतीबोलती कोठी. हात घाला, हवे ते काढा. ‘सेकिरो’त शत्रूचे ऐकावे लागते, त्याचा ठेका ओळखावा लागतो, ‘डूम इटर्नल’मध्ये त्याला खावे लागते. दोन्हींना ‘बचाव आणि आक्रमण यांचा मेळ’ असे एकच लेबल लावणारे समीक्षक यमक दिसले की कविता मानणाऱ्यांपैकी आहेत.

इथवर मी या मेळाचा वकील होतो. आता माझी अस्वस्थता सांगतो.

बचावाचे प्रत्येक पाऊल जर आक्रमणाची गुंतवणूक ठरले, तर ज्याला केवळ वाचायचे आहे त्याने काय करावे? ‘सेकिरो’त स्वतःला उत्तम वाचवणे आणि समोरच्याला मारणे या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत. अचूक अडवत राहिलात तर समोरचा कधी ना कधी कोसळणारच. हे सौंदर्य आहे, आणि हीच त्याची नैतिक मर्यादाही आहे : नुसते अडवत राहून कोणाला जिवंत सोडण्याची सोय या व्याकरणात नाही.

याउलट टोबी फॉक्स यांचा ‘अंडरटेल’ (२०१५) पाहा. दिसायला भाबडा, चित्रे ठोकळेबाज. त्यात शत्रूची पाळी येते तेव्हा आपण एक लहानसे लाल हृदय इकडेतिकडे हलवून त्याचे हल्ले चुकवायचे, बस. या चुकवण्यातून आक्रमणाला कवडीचाही लाभ नाही. आपली पाळी आली की मारा, किंवा मारू नका. दोन क्रिया काटेकोर वेगळ्या ठेवल्या आहेत आणि म्हणूनच दया हा पर्याय शक्य झाला आहे. टोरिएल नावाची मायाळू पालक आपल्याला जाऊ द्यायला तयार नसते, म्हणून आगीचे गोळे फेकते. आपण फक्त चुकवत राहायचे आणि पुनःपुन्हा तिला अभय द्यायचे. आपले आयुष्य अगदी कमी उरले की तिचे गोळे आपल्याला टाळून जाऊ लागतात. तिलाही मारायचे नव्हते, हे संवादातून कळण्याआधी गोळ्यांच्या वाटेवरून कळते. बचाव आणि आक्रमण एकजीव केले असते तर हा प्रसंग लिहिताच आला नसता. तेव्हा मेळ म्हणजे प्रगती आणि वेगळेपणा म्हणजे मागासलेपण, असा जो सूर अलीकडच्या लेखनात लागतो तो मला मान्य नाही.

दुसरी अस्वस्थता अधिक घरगुती आहे. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, मीच आग्रह केला म्हणून, ‘सेकिरो’ हाती घेतला. संधिवाताने त्यांची बोटे आखडलेली असतात. ठेका त्यांना माझ्याआधी कळला. संगीताचा कान आहे. तोंडाने ते प्रत्येक वाराचा क्षण बिनचूक म्हणत, आणि बोट एका मात्रेने मागे राही. आठवड्याभराने त्यांनी डबी परत केली. ‘तुमचा खेळ मला समजला आहे, पण तो मला आत घेत नाही,’ एवढेच म्हणाले. ‘डार्क सोल्स’च्या ढालीमागे त्यांना जागा होती, तिथे सावकाशीला किंमत मोजावी लागे, पण ती मोजता तरी येई. ढाल काढून घेतली तेव्हा भित्र्यांबरोबर तेही बाहेर पडले.

२०१९ साली या खेळाला सोपी पातळी असावी की नसावी यावर बराच वाद झाला, आणि सोपेपणाने रचनेची शुद्धता भ्रष्ट होते असे अनेकांनी हिरिरीने मांडले. मला हे पटत नाही. ख्याल विलंबितात गायला म्हणून राग भ्रष्ट होत नाही. ‘सेलेस्ट’ने (२०१८) खेळाचा वेग कमी करण्याची मुभा दिली होती. २०२५च्या ‘डूम : द डार्क एजेस’मध्ये ढाल परत आली, दात लावलेली, फेकून मारता येणारी, म्हणजे पुरती आक्रमक झालेली, पण वार परतवण्याचा क्षण किती रुंद असावा हे तिथे खेळाडू स्वतः ठरवू शकतो. ज्या मालिकेवर मी वर खादाडपणाचा ठपका ठेवला तिनेच हे करावे, याची थोडी गंमत वाटते. लय ही क्षणाच्या रुंदीत नसते, क्षणांमधल्या नात्यात असते. नाते राखून क्षण रुंदावता येतो.

‘सेकिरो’त एक बारीक तपशील आहे, मला तो फार उशिरा लक्षात आला. आपला तोल ढळू लागला की पळायचे नाही, वारही करायचा नाही. थोडे दूर व्हायचे आणि तलवार आडवी धरून नुसते उभे राहायचे. कोणी वार करत नसताना असे बचावात उभे राहिले की तोल अधिक लवकर सावरतो. या उभे राहण्याने शत्रूचे काहीच बिघडत नाही. सहकाऱ्यांना मी हे दाखवायला गेलो होतो. त्यांनी काही क्षण ती आकृती पाहिली, कन्ट्रोलर माझ्या हातातून घेतला आणि गेनिचिरो चालून येईपर्यंत तसेच, तलवार आडवी धरून, उभे राहिले.