प्लास्टिकचा हिशेब दारापासून सुरू व्हावा

भारतातील प्लास्टिक कचऱ्याविषयी दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालानुसार 2020-21 या वर्षात देशात सुमारे 41 लाख टन प्लास्टिक कचरा निर्माण झाला. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठाच्या संशोधकांनी सप्टेंबर 2024 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 2020 मध्ये भारतातून पर्यावरणात मोकळे सुटलेले किंवा उघड्यावर जाळले गेलेले प्लास्टिकच सुमारे 93 लाख टन होते. जगभरात असे प्लास्टिक 5 कोटी 21 लाख टन होते आणि त्यात भारताचा वाटा सर्वाधिक होता. दुसरा आकडा प्रतिमानावर आधारलेला अंदाज आहे, त्यामुळे त्यात त्रुटी असू शकतात. परंतु एकूण कचऱ्याच्या सरकारी आकड्याहून हाताबाहेर गेलेल्या कचऱ्याचा अंदाज दुपटीने मोठा निघावा, यातून एक गोष्ट निश्चित होते. देशात प्लास्टिक नेमके किती आणि ते कोठे जाते, याचा विश्वासार्ह हिशेब आज कोणाकडेच नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला वस्तुमानाच्या अक्षय्यतेचा नियम शाळेतच शिकवला जातो. एखाद्या व्यवस्थेत जेवढे द्रव्य शिरले तेवढे बाहेर पडले पाहिजे, नाहीतर आत साठून राहिले पाहिजे. रसायन अभियांत्रिकीत यालाच वस्तुमान-संतुलन म्हणतात. ते मांडण्याची पहिली अट अशी की व्यवस्थेच्या सीमेवर, म्हणजे द्रव्य जेथून आत येते तेथे, मोजणी झाली पाहिजे. भारतातील प्लास्टिकच्या पुनर्चक्रीकरणाची सारी मोजणी मात्र साखळीच्या शेवटच्या टोकाला होते. या व्यवस्थेचा मूळ दोष हाच आहे.

हा दोष नियमांतच रुजलेला आहे. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत फेब्रुवारी 2022 मध्ये विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाची, म्हणजेच ईपीआरची, सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जोडली गेली. वेष्टनाचे प्लास्टिक बाजारात आणणारा उत्पादक, आयातदार किंवा ब्रँडमालक यांनी तेवढ्या प्लास्टिकच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, हे त्यांमागचे तत्त्व. 2021-22 साठी 25 टक्के, 2022-23 साठी 70 टक्के आणि 2023-24 पासून 100 टक्के असे लक्ष्य त्यांना देण्यात आले. ते पूर्ण केल्याचा पुरावा म्हणजे प्रमाणपत्र, आणि हे प्रमाणपत्र नोंदणीकृत प्रक्रियाकेंद्रालाच देता येते. कंपनीने ते विकत घेतले की तिची जबाबदारी पार पडली असे मानले जाते. कचरा दारातून, नाल्यातून, ढिगाऱ्यातून वेचून आणणाऱ्या माणसाचे या कागदावर कोठेही नाव नसते.

अशा हिशेबाचे काय होते, ते लवकरच दिसून आले. 2023 मध्ये केंद्रीय मंडळाने केलेल्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांतील चार प्रक्रियादारांनी सुमारे 6 लाख बनावट प्रमाणपत्रे तयार केल्याचे उघड झाले. कागदोपत्री पुनर्चक्रित झालेले ते प्लास्टिक कारखान्यात आलेच नव्हते. या प्रकाराकडे चार लबाड माणसांची करणी म्हणून पाहणे सोयीचे आहे, पण ते पुरेसे नाही. कारखान्याच्या फाटकाआधी मोजणीच नसेल, तर न आलेला माल आल्याचे दाखवण्यास अडसर तो कसला? प्रत्येक टनामागे कोणत्या वस्तीतून, कोणत्या वेचकाकडून, कोणत्या दिवशी किती किलो माल आला याच्या पावत्या जोडणे बंधनकारक असते, तर शेकडो माणसांच्या खोट्या पावत्या रचाव्या लागल्या असत्या. प्रामाणिकपणाचा उपदेश करून जे साधत नाही, ते मोजणीची जागा बदलून साधता येते.

कचरावेचकांचे काम ‘अकुशल’ समजले जाते. पुनर्चक्रीकरणाचे रसायनशास्त्र या समजाला आधार देत नाही. वेगवेगळी बहुवारिके वितळलेल्या अवस्थेत एकमेकांत नीट मिसळत नाहीत. मिसळली तर तयार होणारा पदार्थ ठिसूळ निघतो. पाण्याच्या बाटलीचे पीईटी आणि तिच्या झाकणाचे पॉलिप्रोपिलीन किंवा पॉलिएथिलीन वेगळे करावेच लागते. पीईटीची घनता सुमारे 1.38 असल्याने त्याचे तुकडे पाण्यात बुडतात आणि झाकणाचे तुकडे तरंगतात, म्हणून कारखान्यात हे काम पाण्याच्या टाकीत उरकते. पण पीव्हीसीही पाण्यात बुडतो. तो पीईटीत राहून गेला तर पीईटी वितळवण्याच्या तापमानाला त्याचे विघटन होते, त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि सारा माल खराब होतो. हा धोका टाळणारी पहिली चाळणी म्हणजे वर्गीकरणाला बसलेल्या माणसाचे हात. पिशवी चुरगाळल्यावर होणारा आवाज, वाकवल्यावर उमटणारा पांढरा व्रण, पृष्ठभागाची चकाकी यांवरून प्लास्टिकचा प्रकार ओळखणारी माणसे देशातील प्रत्येक भंगाराच्या दुकानात सापडतील. हे निरीक्षणावर उभे राहिलेले ज्ञान आहे. त्याला पदवी नाही आणि पगारही नाही, एवढाच काय तो फरक.

या कामाचे अर्थशास्त्रही समजून घ्यावे लागते. पीईटीच्या बाटलीला बाजारात भाव मिळतो, म्हणून ती रस्त्यावर फार काळ पडून राहत नाही. वेफर्सच्या किंवा शाम्पूच्या बहुस्तरीय पाकिटाचे तसे नाही. त्यात पॉलिएस्टर, पॉलिएथिलीन आणि ॲल्युमिनियम यांचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणे खर्चाचे असते. एका पाकिटाचे वजन पाच ग्रॅम धरले, तरी किलोभर माल जमवण्यासाठी 200 वेळा वाकावे लागते, आणि एवढे करून त्या किलोला गिऱ्हाईक मिळेल याची शाश्वती नसते. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील राजगोपालन वासुदेवन यांनी तापवलेल्या खडीवर प्लास्टिकचा लेप चढवून ती डांबरी रस्त्यात वापरण्याची पद्धत विकसित केली. त्यासाठी त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. या पद्धतीत अशा पाकिटांचा उपयोग होऊ शकतो, पण तेथेही पीव्हीसी चालत नाही, म्हणजे वेचणे आणि निवडणे चुकत नाहीच. तंत्रज्ञान कितीही चांगले असले, तरी त्याच्या दारापर्यंत कचरा आपण होऊन चालत जात नाही.

भागीदारी कशी असावी, याची उदाहरणे देशातच आहेत. पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्यातून पुढे उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था संपूर्णपणे कचरावेचकांच्या मालकीची आहे. 2008 मध्ये पुणे महापालिकेशी करार करून तिने दारोदार कचरा गोळा करण्यास सुरुवात केली. घरे सेवाशुल्क देतात, आणि विकण्याजोग्या कचऱ्यावर वेचकांचा हक्क राहतो. बंगळुरूमध्ये महापालिकेने 2011 पासून कचरावेचकांना ओळखपत्रे दिली, आणि ‘हसिरु दळा’ ही त्यांची संघटना सुक्या कचऱ्याच्या संकलन केंद्रांशी जोडली गेली. छत्तीसगडमधील अंबिकापूर येथे महिला बचतगटांनी घरोघरचा कचरा गोळा करून त्याचे वर्गीकरण करण्याची व्यवस्था उभी केली. 2019 मध्ये त्याच शहरात एक किलो प्लास्टिकच्या बदल्यात जेवण देणारे ‘गार्बेज कॅफे’ सुरू झाले. या तिन्ही ठिकाणी माल मोजला जातो तो आणणाऱ्या माणसाच्या समोर, हे सूत्र समान आहे.

यावर उद्योगांकडून नेहमी एक आक्षेप घेतला जातो. वेचक असंघटित आहेत, त्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत, म्हणून त्यांच्याकडून आलेल्या मालाचा माग ठेवता येत नाही. पुणे आणि बंगळुरूचा अनुभव याला उत्तर देण्यास पुरेसा आहे. कागदपत्रे नसणे हा वेचकांचा स्वभावधर्म नाही. ती देण्याचे काम कोणी केले नाही, एवढाच त्याचा अर्थ. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी वेचकांना ओळखून व्यवस्थेत सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले होते. तरीही देशात कचरावेचक किती, याचे अंदाज आजही 15 लाखांपासून 40 लाखांपर्यंत हेलकावे खातात. त्यांची गणना करण्याचे काम केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेत 2024 मध्ये जोडले गेले. नियमांनंतर आठ वर्षांनी का होईना, ही सुरुवात झाली हे स्वागतार्हच आहे. पण ओळखपत्र देऊन काम संपत नाही. ज्या हिशेबातून कंपन्यांना प्रमाणपत्र मिळते, त्या हिशेबात ते ओळखपत्र वापरले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वेचकांना कितीही न्याय दिला, तरी पुनर्चक्रीकरण न होणारे पाकीट बाजारात येतच राहिले, तर कचरा वाढतच जाणार. हे खरे आहे, आणि दारापासूनच्या मोजणीची गरज त्याने अधिकच ठळक होते. कोणत्या कंपनीची कोणती पाकिटे गिऱ्हाईकाविना पडून राहतात, हे वर्गीकरण केंद्रावरच कळते. 1 जुलै 2025 पासून वेष्टनावरील उत्पादकाची माहिती बारकोड किंवा क्यूआर कोडच्या रूपाने देण्याची सोय नियमांत झाली आहे. पाकीट कोणी बनवले, हे या कोडमधून कळेल. ते कोणी उचलले आणि पुढे त्याचे काय झाले, हे सांगणारी नोंद मात्र अजून अस्तित्वात नाही.

त्यामुळे मागणी साधी आणि मोजता येण्याजोगी आहे. प्रत्येक ईपीआर प्रमाणपत्राला संकलनाच्या पावत्यांची साखळी जोडलेली असावी. त्या साखळीतील पहिली पावती वेचकाच्या किंवा त्यांच्या सहकारी संस्थेच्या नावे असावी. प्रमाणपत्राच्या किमतीतील ठरावीक हिस्सा त्या पावतीवर थेट दिला जावा, आणि ज्या मालाला बाजारात भाव नाही त्यासाठी हा हिस्सा अधिक असावा. तसे झाल्यास किलोभर पाकिटांसाठी 200 वेळा वाकण्याला मोल येईल, आणि न वेचलेला माल विकणे जवळजवळ अशक्य होईल.

प्लास्टिक प्रदूषणावरील जागतिक कराराच्या वाटाघाटी ऑगस्ट 2025 मध्ये जिनिव्हा येथे सहमतीविना संपल्या. त्या कराराची वाट पाहत बसण्याचे भारताला कारण नाही, कारण वरील बदल देशातील नियमांतच करता येतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक प्रयोगही दडलेला आहे. त्यांनी एका आठवड्यात स्वतःच्या घरातून किंवा वसतिगृहातून बाहेर पडलेले प्लास्टिक प्रकारवार वजन करून लिहून ठेवावे, आणि ते उचलणाऱ्या व्यक्तीला पुढचा मुक्काम विचारावा. उत्तर देणाऱ्याला आपल्या प्रश्नकर्त्यापेक्षा या शास्त्राची अधिक माहिती असल्याचे बहुतेकदा आढळेल. राष्ट्राच्या हिशेबाची पहिली ओळ त्याच्याच वहीत लिहिली गेली पाहिजे.