शमी, वेडी बाभूळ आणि जमिनीचा हिशेब

पर्यावरणाचे जैविक व अजैविक असे दोन घटक आपण शाळेतच पाठ केलेले असतात. एका रकान्यात वनस्पती, प्राणी व सूक्ष्मजीव, तर दुसऱ्यात माती, पाणी, हवा व प्रकाश. विभागणी सोयीची आहे, आणि ती चुकीचीही नाही. मात्र हीच सोय पुढे शासकीय कामकाजात उतरली. मातीचा विचार मृदशास्त्रज्ञाने करावा, पाण्याचा जलसंधारण विभागाने, झाडाचा वनविभागाने, आणि शेतकऱ्याने या सर्वांचे सल्ले आपल्या बांधावर एकत्र जुळवावेत, अशी आपली रीत आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, कोणता घटक कोणत्या रकान्यात बसतो याला विस्तार कार्यात फारसे महत्त्व नाही. त्या विशिष्ट ठिकाणी तो दुसऱ्या घटकाकडून काय घेतो आणि त्याला काय परत देतो, हे पाहणे महत्त्वाचे आहे. हे समजून घेण्यासाठी एकाच प्रजातीतील दोन झाडे पुरेशी आहेत. त्यांतील एक आपण दसऱ्याला पूजतो, दुसऱ्यावर कुऱ्हाड चालवतो.

ही दोन्ही झाडे एकाच परिसरात पाहावयाची असल्यास जयपूरसारखे ठिकाण नाही. शहराच्या पूर्व भागात राजा पार्क ही वसाहत आहे. फाळणीनंतर आलेल्या पंजाबी व सिंधी कुटुंबांमुळे हा भाग भरभराटीस आला आणि आज तो प्रामुख्याने बाजारपेठेसाठी ओळखला जातो. दुकानांच्या गर्दीत निसर्गाचा विषय कोणाच्या मनात येणार नाही. परंतु येथून थोड्याच अंतरावर अरवलीच्या टेकड्या सुरू होतात आणि आग्नेयेस झालाना वनक्षेत्र लागते. चहूबाजूंनी शहराने वेढलेल्या या वनात बिबट्यांचा वावर आहे. जयपूरचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे 600 मिलिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर-अहिल्यानगर पट्ट्याच्या जवळपास. त्यामुळे तेथील टेकड्यांवर जे घडले ते आपल्या माळरानांना परके नाही.

या टेकड्यांवर गेली अनेक दशके राज्य केले ते विलायती बाभळीने. शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा. आपल्याकडे तिला वेडी बाभूळ म्हणतात. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हे झाड 1877 च्या सुमारास भारतात आणले गेले. वाळवंट रोखावे आणि गरिबांना सरपण मिळावे हा हेतू होता, व तो प्रामाणिक होता. जोधपूर संस्थानाने तर 1940 मध्ये तिला राजवृक्षाचा मान दिला. पुढे 1960 च्या दशकात कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात क्षारांचे आक्रमण थोपवण्यासाठी तिची लागवड झाली, आणि आशियातील नामांकित गवताळ प्रदेशांपैकी एकाचा मोठा भाग काटेरी झुडपांखाली गेला. लागवड करणाऱ्यांनी पाहिले ते फक्त अजैविक संकट, म्हणजे वाळू आणि मीठ. त्यावर एक सजीव उपाय योजताना तो सजीव इतर सजीवांशी कसा वागेल, हा प्रश्न विचारला गेला नाही.

तो कसा वागतो हे आता पुरेसे स्पष्ट आहे. जनावरे तिचा पाला खात नाहीत, पण गोड शेंगा आवडीने खातात. कठीण कवचाचे बी पोटातून सुखरूप बाहेर पडते आणि शेणाबरोबर पेरले जाते. दाट वाढीमुळे खालच्या गवताला ऊन मिळत नाही, आणि गळलेल्या पाल्यातील काही द्रव्ये इतर बियांच्या उगवणीस अडथळा करतात. मुळे अतिशय खोल जातात. प्रोसोपिस प्रजातीतील एका झाडाचे मूळ अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात एका खाणीत सुमारे 53 मीटर खोलीवर आढळल्याची नोंद आहे. प्रत्येक झाड इतके खोल जात नाही, हे खरे. पण वरच्या थरात ओल नसताना हिरवे राहण्याचे बळ कोठून येते, ते यावरून कळावे.

येथवर वाचून वेडी बाभूळ वाईट, असा निष्कर्ष कोणी काढला तर तोही घाईचा ठरेल. चोपण जमिनींवरील प्रयोगांत याच झाडाच्या दीर्घकालीन लागवडीनंतर मातीचा सामू उतरल्याचे व सेंद्रिय कर्ब वाढल्याचे दिसले आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा क्षारता संशोधन संस्थेने अशा जमिनींच्या सुधारणेसाठी या झाडाचा अभ्यास केला. ते शेंगवर्गीय आहे, मुळांवरील जिवाणूंच्या साहाय्याने नत्र स्थिर करते. म्हणजे केवळ मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला तर झाड उपकारक ठरते, आणि केवळ गवताची मोजणी केली तर तेच झाड गुन्हेगार ठरते. दोन्ही अहवाल खरे आहेत. फक्त प्रत्येकाने एकच रकाना भरला आहे.

आता तिची बहीण पाहा. खेजडी, म्हणजे आपली शमी. काही भागांत तिला सौंदडही म्हणतात. शास्त्रीय नाव प्रोसोपिस सिनेरारिया. 1983 पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तीही नत्र स्थिर करते, तिचीही मुळे खोल जातात, तिलाही काटे आहेत. तरीही जयपूर, सीकर, नागौरकडील शेतकरी हे झाड शेताच्या मधोमध राखतो आणि त्याच्या सावलीत बाजरी पेरतो. खेजडीखालची माती उघड्या शेतातील मातीपेक्षा सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध असते, आणि बाजरीचे पीक तेथे सहसा मार खात नाही. हिवाळ्यात फांद्या छाटून मिळणारा पाला, ज्याला तेथे लूंग म्हणतात, शेळ्या-उंटांना चारा होतो. छाटणीमुळे रब्बी पिकाला ऊनही मिळते. कोवळ्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी तर आता शहरी उपाहारगृहांत महाग दराने मिळते. हे सारे गुण झाडाच्या अंगी जन्मजात आहेत असे मानणे मात्र अपुरे आहे. झाड, मातीतील जिवाणू, खोल पाणी, शेळी आणि छाटणी करणारा माणूस यांचा शेकडो वर्षांचा करार त्यामागे आहे. वेडी बाभूळ येथे येऊन जेमतेम दीडशे वर्षे होत आहेत.

हा करारही आता मोडू लागला आहे, आणि याची चर्चा महाराष्ट्रात फारशी होत नाही. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेच्या, म्हणजे काझरीच्या शास्त्रज्ञांनी राजस्थानच्या अनेक जिल्ह्यांत उभी खेजडी वाळत असल्याचे नोंदवले आहे. मुळे पोखरणारा भुंगा व गॅनोडर्मा बुरशी ही तात्कालिक कारणे. पण झाड त्यांना बळी का पडते? दरवर्षी निर्दय छाटणी होते, नांगरणीत ट्रॅक्टरने मुळांना जखमा होतात, आणि भूजल खाली गेल्याने झाड आधीच अशक्त झालेले असते. बुरशी सजीव, भूजल निर्जीव, ट्रॅक्टर तर निसर्गाचा घटकही नव्हे. रोग मात्र या सर्वांचा मिळून आहे. येथे केवळ बुरशीनाशकाची शिफारस करणारा विस्तार कार्यकर्ता अर्धेच काम करील.

उलट दिशेचे एक काम मला फार बोलके वाटते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी खडकाळ जमीन विलायती बाभळीने व्यापली होती. 2006 पासून प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे राव जोधा मरुशिला उद्यान उभे राहिले. बाभूळ तोडली की बुडख्यातून पुन्हा फुटते. मुळाचा वरचा भाग जमिनीखालून काढल्याशिवाय ती मरत नाही. पण येथे जमीन म्हणजे ज्वालामुखीय खडक. यंत्रे व सुरुंग बाजूस ठेवून अखेर काम दिले गेले ते खंडवालिया या पारंपरिक खाणकामगारांना. हातोडीने खडक ठोकून, आवाजावरून ते भेगा ओळखत आणि छिन्नीने मूळ खणून काढत. त्याच खड्ड्यांत नंतर खडकावर वाढणाऱ्या स्थानिक वनस्पती लावल्या गेल्या. झाड काढण्यासाठी दगड जाणणारा माणूस लागला! पुढे जयपुरात नाहरगडच्या पायथ्याशी, किशनबाग येथे, वाळूच्या टेकड्यांवर याच विचाराने दुसरे उद्यान झाले. झालानातही वनविभागाने विलायती बाभूळ हटवून गवत व देशी वृक्षांना जागा करून दिली.

आपल्याकडे काय चित्र आहे? सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांत गायराने, ओढ्याकाठ व पाझर तलावांचे काठ वेड्या बाभळीने भरलेले दिसतात. नाला खोलीकरणाच्या वेळी जेसीबी येतो, झुडपे उपटतो, माती उकरून काठावर टाकतो आणि छायाचित्र काढून काम पूर्ण होते. पहिल्या पावसात त्या मोकळ्या मातीतून साठलेले बी शेकडोंनी उगवते, आणि तुटलेले बुडखे पुन्हा फुटतात. दोन वर्षांनी झाडी पूर्वीपेक्षा दाट होते. कारण काढण्याचे अंदाजपत्रक असते, पण त्या जागी मारवेल, पवना वा डोंगरी गवत लावण्याचे नसते.

दुसऱ्या बाजूने, भूमिहीन कुटुंबांची चूल याच सरपणावर पेटते आणि शेताचे काटेरी कुंपणही यातूनच होते. ‘संपूर्ण निर्मूलन’ अशी घोषणा करणाऱ्यांनी हा हिशेब मांडलेला मला तरी क्वचितच दिसला. माझ्या मते निर्मूलन सरसकट नसावे. जेथे मूळचे गवताळ रान होते तेथे बुडख्यासह काढणी करून त्याच हंगामात गवताचे ठोंब लावावेत. जेथे जमीन पूर्ण चोपण आहे व दुसरे काही उगवत नाही, तेथे ती ठेवावी, पण शेंगा गळण्यापूर्वी गोळा कराव्यात. शेंगा दळून इतर खाद्यात मिसळल्या तर बी नष्ट होते आणि प्रसार थांबतो. मात्र केवळ शेंगांवर जनावर ठेवू नये. त्याने पचन बिघडते.

मृद आरोग्य पत्रिकेचा उल्लेख येथे अप्रस्तुत नाही. 19 फेब्रुवारी 2015 रोजी ही योजना राजस्थानातीलच सुरतगड येथून सुरू झाली. तिच्यात 12 घटक तपासले जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन. योजना उपयुक्त आहे, आणि संतुलित खतवापराची भाषा तिने गावोगावी नेली. परंतु या बारांत जिवंतपणाची चाहूल देणारा घटक एकच, सेंद्रिय कर्ब. तोही जीवनाचा अवशेष मोजतो, जीवन नव्हे. गांडुळे आहेत काय, द्विदल पिकाच्या मुळांवरील गाठी आतून गुलाबी आहेत काय, पावसाचे पाणी किती वेळात मुरते, यांपैकी कशासाठीही प्रयोगशाळा लागत नाही. एक फावडे, एक डबा आणि घड्याळ पुरते. पत्रिकेच्या मागील कोऱ्या बाजूवर शेतकऱ्याने हे तीन निरीक्षण दर खरिपात लिहावे, आणि कृषी सहायकाने शिफारस करताना कागद उलटून पाहावा.

वृक्षलागवडीच्या प्रस्तावातही रोपांची संख्या, अंतर व जिवंत रोपांची टक्केवारी विचारली जाते. त्या जागी आधी कोणते गवत होते, तेथे कोण जनावरे चारत असे, उन्हाळ्यात जवळच्या विहिरीचे पाणी किती खोल असते, हे प्रश्न अर्जात नाहीत. गावातील वयस्कर मेंढपाळाला विचारल्यास अर्ध्या तासात त्यांची उत्तरे मिळतात. येत्या पावसाळ्याच्या लागवडीचे प्रस्ताव तालुका पातळीवर तयार होतील, तेव्हा निदान गायरानाच्या प्रस्तावांना हे तीन प्रश्न जोडून पाहावेत.