कॅसेटची दुसरी बाजू

वेळापत्रके करण्यात आमची हयात गेली. कोणता तास कोणत्या तासामागे ठेवावा, गणिताला लागून संस्कृत घातले तर वर्गाची काय अवस्था होते, मधल्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तास कोणाच्या गळ्यात मारावा, या शास्त्रात आम्ही स्वतःस पारंगत समजतो. त्यामुळे गेल्या मार्गशीर्षात सौ. आमच्या कन्येला म्हणाली, "अगं, इंदूरच्या दोन दिवसांसाठी माझ्या मोबाइलमध्ये थोडी गाणी ओळीने लावून दे," तेव्हा आम्ही वर्तमानपत्र बाजूस ठेवून ते काम आपण होऊन अंगावर घेतले. अशा यादीला प्लेलिस्ट म्हणतात, ही माहिती कन्येने पुरविली.

प्रसंग असा होता. आमची सौ. खंडव्याची, म्हणजे किशोरकुमारच्या गावची. १९८७ पासून तीन वर्षे ती इंदुरात मोती तबेल्यावरील मुलींच्या सरकारी महाविद्यालयात शिकली. वसतिगृहाच्या एका खोलीत पाच जणी होत्या. पुढे लग्ने होऊन एक नागपूरला गेली, एक बडोद्याला, एक पुण्याला, एक ग्वाल्हेरला, आणि सौ. आमच्यासारख्या मास्तराच्या पदरी पडून तालुक्याच्या गावी आली. ग्वाल्हेरची मैत्रीण २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत गेली. उरलेल्या चौघींनी ठरविले की आता लांबवायचे नाही. नवरे, मुले, सुना यांना घरी ठेवून दोन दिवस इंदूर पुन्हा पाहायचे. राजवाडा, सराफा, छप्पन दुकान आणि ते महाविद्यालय. दोन दिवस एक मोटार ठरविली होती, आणि मोटारीत गाणी हवी होती.

आम्ही दोन संध्याकाळी खर्चून यादी सिद्ध केली. इंदूरचे स्मरण करावयाचे तर इंदूरचेच सूर हवेत, ही आमची भूमिका. उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा, देवासच्या कुमारजींची निर्गुणी भजने, आणि रामूभैया दात्यांचे चिरंजीव अरुण दाते यांचे 'शुक्रतारा'. पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल, सोबतीला सुधा मल्होत्रा. अशी टिपणेही आम्ही समासात जोडली होती. सौ.ने यादी शांतपणे वाचली. "शुक्रतारा राहू द्या," ती म्हणाली. "पण सकाळी आठाला मोटारीत बसल्यावर मारवा कोण ऐकणार?" मारवा हा सायंकाळचा राग. एम. ए. आम्ही मराठीत केले आहे, ही सबब आम्ही मनातल्या मनात पुढे केली.

मग तिने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढावयास लावली. तळाशी प्लॅस्टिकची एक चपटी डबी होती आणि डबीत निळ्या शाईने लिहिलेले एक कार्ड. "हीच यादी," ती म्हणाली. "याच ओळीने. मधे काही घालू नका."

ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना सांगणे नको; नव्या वाचकांसाठी सांगतो. त्या वेळी हवी ती गाणी एकत्र ऐकावयाची तर कोरी कॅसेट घेऊन भरून देणाऱ्या दुकानात जावे लागे. हातात यादी. साठ मिनिटांची कॅसेट असेल तर एका बाजूस पाच-सहा गाणी, नव्वदची असेल तर आठ-नऊ. दुकानदार चार दिवसांनी बोलावी, आठव्या दिवशी देई, आणि यादीतले एखादे गाणे न सापडल्यास स्वतःच्या आवडीचे घालून ठेवी. हा सारा व्यवहार कायद्यात बसत नव्हता, हे आम्हांस पुढे कळले. तेव्हा ग्राहकाला ना दुकानदाराला त्याचे सोयरसुतक होते. पाच जणींनी वर्गणी काढून अशी एक नव्वदची कॅसेट फेब्रुवारी १९९० मध्ये भरून घेतली होती. अखेरची परीक्षा तोंडावर आलेली. पहिल्या बाजूस नऊ गाणी, दुसरीस आठ. नववे गाणे फीत संपल्यामुळे दुसऱ्या कडव्यानंतर तुटे. कार्डावरचे अक्षर ग्वाल्हेरच्या मैत्रिणीचे. टपोरे, किंचित उजवीकडे कललेले. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. आम्ही ते पाहिलेच, सवय जात नाही.

यादी पाहून आमच्या कपाळास आठी पडली, हे कबूल करावे लागेल. 'कयामत से कयामत तक', 'चांदनी', आणि तब्बल चार गाणी 'मैंने प्यार किया'ची! त्या हिवाळ्यात पानाच्या ठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत त्या चित्रपटाने आम्हांस जगणे नकोसे केले होते, आणि हिंदी सिनेमाचा गोंगाट म्हणून आम्ही तो कायमचा निकालात काढला होता. आता कार्डावरून एकेक गाणे कन्येला सांगता सांगता ध्यानी आले की नायिका सांगलीच्या पटवर्धनांची, गाणारी लता मंगेशकर इंदुरात जन्मलेली आणि त्या वेळी साठी ओलांडलेली, आणि संगीतकार राम-लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील. मुळात ती जोडी होती. सुरेंद्र हे 'राम', पाटील 'लक्ष्मण'. जोडीदार लवकर वारला, तरी पाटलांनी त्याचे नाव आपल्या नावापुढून अखेरपर्यंत काढले नाही. तेही २०२१ मध्येच गेले.

अर्ध्या तासात सतरा गाणी सापडली. शोधणे नाही, वाट पाहणे नाही, पैसा नाही. कन्या म्हणाली, "बाबा, झाले." झाले नव्हते. दुसऱ्या बाजूस आठ गाण्यांनंतर पाच मिनिटे मुद्दाम कोरी ठेवविली होती, आणि कार्डाच्या तळाशी त्याच टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता : 'बातम्या'.

त्या बातम्या कोठे गेल्या, हे आम्हांस ठाऊक होते.

१९९२ साली आमचे लग्न झाले. तिच्याबरोबर माहेरचा टू-इन-वन आला आणि ही कॅसेट आली. आम्ही तेव्हा नोकरी सांभाळून स्वाध्यायी म्हणून एम. ए. करीत होतो. एका रात्री रेडिओवर ज्ञानेश्वरीतील उपमांवर व्याख्यान होते. घरात कोरी कॅसेट नव्हती. या कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही कान मोडलेले होते. कान मोडले की तीवर दुसरे काही भरता येत नाही; पाच जणींनी ते त्याचसाठी मोडले होते. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की यंत्र फसते. आम्ही चिकटपट्टी लावली. सौ. बाळंतपणासाठी माहेरी होती. विचारावयास हवे, असे मनात आले नाही असे नाही. पण सिनेमाची गाणी तर होती, असेही आले. दुसरी बाजू पुरती पुसली गेली. त्या पाच मिनिटांत मैत्रिणींचे आवाज होते, हे आम्हांस ती परतल्यावर कळले. ती रागावली नाही. टू-इन-वन मात्र त्यानंतर तिने आपल्या हाताने कधी लावला नाही, आणि आमच्या अभ्यासाला शांतता मिळते म्हणून आम्ही समाधान मानले. परीक्षेत त्या प्रश्नाला चांगले गुण मिळाले. आज त्या व्याख्यानातले एक वाक्यही आठवत नाही.

चौघी दोन दिवस हिंडल्या. सराफ्यात रात्री अकराला भुट्ट्याचा कीस आणि गराडू खाऊन नागपूरकर बाईंचे पोट बिघडले, राजवाड्यासमोर छायाचित्रे झाली, महाविद्यालयाच्या फाटकावरील रखवालदाराने आत सोडण्यास आढेवेढे घेतले. सौ.ने हे सारे भरभर सांगितले आणि मोटारीपाशी येऊन ती थांबली. नववे गाणे दुसऱ्या कडव्यानंतर तुटले नाही, पुढे वाजतच राहिले. चौघींपैकी एकीलाही पुढचे शब्द येत नव्हते. तीस-पस्तीस वर्षांत ते कडवे कानावर पडलेच नसेल असे नव्हे, पण त्यांच्या गाण्यात ते नव्हते.

सतरावे गाणे संपल्यावर मोबाइलने आपल्या मनाने भलतेच काही सुरू केले. पुणेकर बाईंनी ते बंद केले. मग बातम्या झाल्या. ग्वाल्हेरची मैत्रीण आकाशवाणीच्या निवेदिकेची हुबेहूब नक्कल करून वसतिगृहाचे वृत्त देत असे. वरणातील पाण्याची पातळी, अधीक्षक बाईंचे आगमन-निर्गमन, आणि शेवटी हवामान. चौघींनी मिळून ते आठवले. प्रत्येकीचे थोडे निराळे निघाले, त्यावरून वाद झाला, आणि बडोद्याच्या बाईंनी मोटारीतच वहीच्या पानावर सर्वांच्या संमतीचा पाठ उतरवून घेतला.

"कॅसेटचे काय झाले, असे कोणी विचारले नाही का?" आम्ही धीर करून म्हणालो.

"ते त्यांना पूर्वीच सांगितले आहे," सौ. पिशवी रिकामी करीत म्हणाली. "यंत्रात फीत अडकली आणि तुटली."

"केव्हा सांगितलेस?"

"तेव्हाच. त्र्याण्णव साली. पत्राने."

बडोद्याच्या बाई या मासिकाच्या जुन्या वर्गणीदार आहेत. हा अंक त्यांच्या हाती पडेल तेव्हा फीत तुटलेली नव्हती, हे त्यांना कळेल. त्यांनी आम्हांस काय लिहावयाचे ते खुशाल लिहावे. त्या वहीच्या पानाची एक नक्कल मात्र सोबत धाडावी, एवढी विनंती आहे.