वॉरंटी संपते, जबाबदारी संपत नाही

वॉरंटीची मुदत कंपनी ठरवते. ग्राहकाला कोणी विचारत नाही. मग ‘वॉरंटी संपली, आता आमचा संबंध नाही’ हे उत्तर न्याय्य कसे? बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी करतो, अशी कबुली अ‍ॅपलने २०१७ मध्ये दिली. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असे कारण सांगितले. कारण काहीही असो. वॉरंटीनंतरही ताबा कंपनीचा, भुर्दंड मात्र ग्राहकाचा!

आपल्या वस्त्यांत अनेकांच्या हाती सेकंडहँड फोन येतो तोच मुळी वॉरंटी संपल्यावर. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे हॉलतिकीट, बँकेचा ओटीपी, सारे त्यावरच. सुटा भाग मिळाला नाही की हे सगळेच अडते.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या स्मार्टफोनसाठी नियम आहे: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षे अपडेट आणि ७ वर्षे महत्त्वाचे सुटे भाग. आपल्याकडे केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पोर्टलही काढले. पण पोर्टल म्हणजे कायद्याची सक्ती नव्हे.

मित्रांनो, कंपनीची मेहेरबानी नको. कायद्याने बांधलेली जबाबदारी हवी. ही मागणी आपल्या अजेंड्यावर घ्या.