राजधानी बदलतेय, पण कडेवरच्या पोराचं काय?

मुंबई किती बदललीय हे आपण रायगडवाले रोज ऐकतो. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू सुरू झाला, त्याच वर्षी कोस्टल रोड आला, ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो पूर्ण धावू लागली. कौतुक आहेच. पण ही राजधानी कोणाला डोळ्यासमोर ठेवून बदलतेय, हे बघायचं असेल तर एकदा कडेवर तान्हं पोर घेऊन जा.

परवा भाची आणि तिच्या सव्वा वर्षाच्या लेकासोबत परळला जाऊन आलो. लहान मुलांचं दुखणं जरा अवघड झालं की आपल्याकडचे डॉक्टर वाडियाची चिठ्ठी देतात. १९२९ पासूनचं हॉस्पिटल, अख्ख्या कोकणाला त्याचा आधार.

स्वतःची गाडी असेल तर सेतूवरून शिवडी आणि तिथून परळ जवळच. टोल एका वेळचा २५० रुपये. बाईक, रिक्षाला सेतूवर बंदी. म्हणजे धाटावच्या कंपनीत कंत्राटावर असलेल्या बापाला, ज्याचा त्या दिवशीचा खाडाही पडतो, रेल्वेच. रोह्याहून पनवेल, पनवेलहून कुर्ला, कुर्ल्याहून परळ. तीन गाड्या, प्रत्येक वेळी जिने. वाटेत एका स्टेशनवर लिफ्ट बंद. बाबागाडी आम्ही नेलीच नव्हती, ती चालवायची कुठं? फुटपाथवर टपरी, बाईक, नाहीतर खोदकाम.

पोर रडायला लागलं तशी भाची म्हणाली, "मामा, ह्याला पाजू कुठं?" मला सांगता येईना. शेवटी प्लॅटफॉर्मच्या टोकाला ओढणी धरून बसली, मी आडवा उभा राहिलो.

गंमत बघा, लेकरासाठी कडा उतरणारी हिरकणी आपल्या रायगडची. एसटी स्टँडवरच्या हिरकणी कक्षाला नाव तिचंच. कक्षाला कुलूप नसेल तर कल्पना उत्तमच आहे. मग लोकलच्या मोठ्या स्टेशनांवर ती का नको? गरोदर बाईला अपंगांच्या डब्यात मुभा आहे. पोर पोटातून कडेवर आलं की ओझं कमी होतं का? पाच वर्षांखाली तिकीट नाही, म्हणून बहुतेक हिशेबातही धरत नाहीत.

आणि परळचंच बघा. सेतूवरच्या गाड्या थेट वरळीला नेणाऱ्या उन्नत रस्त्यासाठी प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद केला. जवळच केईएम, टाटा, वाडिया. विकासाला विरोध नाही माझा. पण हॉस्पिटलांच्या दारातला पूल पाडताना पोरं, पेशंट घेऊन चालत येणाऱ्यांची सोय आधी व्हायला हवी होती, गाड्यांची नंतर.

महिला व बालविकास खातं आज अदिती तटकरेंकडे, म्हणजे आपल्याच रोहा तालुक्यात आहे. खासदार सुनील तटकरेही इथलेच. रेल्वे केंद्राची आहे, मान्य. पण पनवेल, कुर्ला, परळ या तीन स्टेशनांवर बाळाला पाजायला एकेक खोली आणि चालू लिफ्ट, एवढं तरी दोघांनी मिळून मागावं. खर्च किती येणार? सेतूच्या एका खांबाइतकाही नाही. आणि हो, अशा दुखण्यांसाठी परळ गाठावं न लागणारा बालरोग विभाग जिल्ह्यातच कधी उभा राहणार, हेही त्यांना कोणीतरी विचारा. गणपतीत दोघंही गावात असतातच.