शेरवानी विका, गुण विकू नका

"सर, ईदीचे सगळे पैसे गेममधल्या कपड्यांत घातले," आठवीतला एक मुलगा म्हणाला. स्टाफरूममध्ये हशा पिकला. मीही हसलो. पण आपण चुकीच्या मुलाला हसलो.

बीजीएमआयमध्ये विकतचा पोशाख गोळी अडवत नाही. गोळी अडवतं ते लेव्हल ३ चं हेल्मेट, आणि ते प्रत्येकाला मैदानातच शोधावं लागतं. फ्री फायरमध्ये मात्र बंदुकीच्या अनेक स्किन नुसत्या दिसायला भारी नसतात. त्यांनी बंदुकीचा मारा किंवा वेगही वाढतो. म्हणजे तिथे पैसेवाला आधीच पुढे.

रुबाब की ताकद, ही निवड मुळात लादलेली आहे. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने २०११ मध्येच मजबूत चिलखताला आवडत्या चिलखताचं रूप द्यायची सोय केली.

ईदला कुणी भारी शेरवानी घालावी, कुणी धुतलेला जुना कुर्ता. नमाजची सफ एकच. पण परीक्षेत कुणी गुण विकत घेतले, तर शेजारच्या बाकावरच्या मुलाचा हक्क मारला जातो.

ईदी जपून खर्च करा, हे मुलांना जरूर सांगू. पण दिखाव्याला नावं ठेवताना विकतच्या ताकदीला 'हुशारी' म्हणू नका. स्वस्त मोबाईलवर खेळणाऱ्या पोरालाही जिंकता आलं पाहिजे. नाहीतर तो खेळ कसला?